आवाजबंदी

आमच्या गावाला बंदीचा नाद आहे. कुठल्या गावाला कुस्तीचा असतो, कुठल्या गावाला तमाशाचा, आमच्या गावाला बंदीचा. हिवरे बाजारचं बघून आमच्याकडं आधी कुऱ्हाडबंदी झाली, मग चराईबंदी, मग नशाबंदी. ग्रामसभेत हात वर होतात आणि ठराव होतो. खरं सांगायचं तर त्यानं गावाचं भलंच झालं. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी आलं, दारोदारी दुभती जनावरं आली. पण त्यामुळं गावाचा असा समज होऊन बसलाय की कुठलंही दुखणं असो, ग्रामसभेनं हात वर केले की ते जातं. माझ्या झोपेच्या बाबतीत गावानं हेच केलं.

मी रतनबाई. गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. पोरांच्या वजनापासून त्यांच्या उसळीपर्यंत सगळं माझ्याकडं. माझी जीभ तिखट आहे असं माझे मालक सहादेव सगळ्यांना सांगतात, आणि मी ते कधी नाकारलेलं नाही. आम्हाला एकच लेक, निकिता. बी. कॉम. झाली, नगरला एका ऑफिसात लागली, सोयरिकीचं बोलणं सुरू झालं आणि तिचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं, दिवसभर खुर्चीवर बसून सुजले असतील. मग तोंड सुजलं. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या गेल्यात. तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. पहाटेची एसटी, सुईनं चाळण झालेला हात आणि परत येताना खिडकीला टेकलेलं तिचं डोकं.

किडनी बदलली तर पोरगी पुन्हा उभी राहील, असं डॉक्टर म्हणाले. मालकांना शुगर, म्हणजे ते बाद. माझा रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं. अडलं एकाच ठिकाणी. माझं बीपी चढलेलं निघालं.

नगरच्या किडनीच्या डॉक्टर एंजेला मॅडम, मूळच्या भिंगारच्या. बोलायला मऊ, पण एकदा बोलल्या की शब्द फिरवायच्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एका गोळीवर बीपी आटोक्यात राहिलं तर तुमची किडनी घेता येईल. नाही राहिलं तर पुण्याचे सर्जन तुम्हाला हात लावणार नाहीत, आणि लावूही नये." मग त्यांनी विचारलं, "झोप कशी आहे?" मी म्हटलं, झोपच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "आधी झोप आणा. झोप आली की बीपी उतरेल."

झोप आणा. जशी काही ती बाजारातली मेथी. दर खेपेला मी नगरला जायची, दंडाला पट्टा बांधायची, पट्टा फुगायला लागला की माझं काळीज धडधडायला लागायचं आणि आकडा वर. गोळी बदलली, पुन्हा वर. घरी मालकांनी माझं मीठ बंद केलं. अळणी भाकरी, अळणी कालवण. झोप नाही, चव नाही, आणि वर निकिताकडं बघायचं की ती कालच्यापेक्षा आज जरा जास्तच पिवळी दिसतेय का.

गावात ही बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. शेजारची भागूबाई काशाची वाटी आणि तूप घेऊन आली. माझे तळपाय तिनं इतके घासले की वाटी काळी आणि पाय लाल झाले. "उष्णता हाय समदी," ती म्हणाली, "वाटी बघ कशी काळी पडली." कुणी जायफळ उगाळून दुधात दिलं. कुणी उशाखाली विळा ठेवायला सांगितलं, तोही ठेवला. मालकांनी रात्रभर त्या विळ्याच्या काळजीनं डोळा मिटला नाही, एवढाच काय तो त्याचा गुण. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत.

कारण माझं दुखणं कुठं होतं ते मला माहीत होतं. अंथरुणावर पडलं की डोळे जड व्हायचे. शरीर सैल पडायचं. आणि अगदी डोळा लागणार, तेवढ्यात वाटायचं, हे असंच असणार. टेबलावर असंच वाटणार, असंच सगळं सुटत जाणार, आणि मग त्या बाजूनं मी परत येणार नाही. की मी खाडकन उठून बसायची. कानात ठोके. मग उरलेली रात्र नुसतं पडून राहायचं. मालक विचारायचे, "काय झालं?" मी म्हणायची, "डास." पंखा जोरात लावला तरी माझे डास काही जात नव्हते.

हे कुणाला सांगणार? आई आहे मी. लेकीला किडनी देताना आईला भीती वाटते, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आमच्याकडं कुणी मला 'देतेस का' असं विचारलंच नव्हतं. रक्तगट जुळला त्या दिवशी मालक डोळे पुसत म्हणाले, "देवानंच जुळवलं." भागूबाई म्हणाली, "आई हाय, ती देनार न्हाई तर कोन देनार?" मीही मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

अशात ग्रामसभा आली. विषय होते पाझर तलावातला गाळ, दूध संकलन केंद्राचं छत आणि आयत्या वेळचा विषय म्हणून माझी झोप. सरपंच कानिफनाथ उभे राहिले. भला माणूस, पण बोलायला लागला की त्याला स्वतःचाच आवाज गोड लागतो.

"आपल्या रतनताई लेकीला जीवदान देनार हायेत," ते म्हणाले. "त्यांना झोप पायजे. त्यांच्या झोपेची जबाबदारी समद्या गावाची हाय. म्हनून दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत गावात आवाजबंदी. मान्य असंल त्यांनी हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. मालकांनी तर दोन्ही केले. मी पदर तोंडाला लावून खाली बघत बसले. बायांना वाटलं, मला भरून आलं.

त्या दिवसापासून गाव गप्प झालं. देवळातला हरिपाठ भोंग्याशिवाय व्हायला लागला. पिठाची गिरणी संध्याकाळीच बंद. दूध केंद्रातले कॅन एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांना गोणपाट गुंडाळलं. एका लग्नाची वरात डीजेसकट वेशीवर अडवली आणि नवरदेवाला चालवत आणला, अगदी मयताला चालल्यासारखा. मोकाट कुत्री बांधून ठेवली, तर बांधलेली कुत्री दुप्पट भुंकायला लागली. मग त्यांना मळ्यात नेऊन ठेवलं. आमच्या दारावरून जाणारा माणूस चपला हातात घेऊन जायचा आणि मागच्याला "श्शू" करायचा. ते "श्शू" मला शेजारच्या गल्लीपासून ऐकू यायचं.

आयुष्यभर मी ज्या आवाजात झोपले तो सगळा त्यांनी काढून नेला. उरला फक्त माझ्या कानातला ठोका. तो बंद करायचा ठराव कुणाला करता येत नव्हता.

आणि सकाळ झाली की परीक्षा. नळावर गेलं की, "लागली का वं झोप?" दूध घालायला गेलं की, "ताई, आज डोळं बरं दिसत्यात." किराणा दुकानात, एसटीच्या थांब्यावर, सगळीकडं तेच. अंगणवाडीतली शेंबडी पोरंसुद्धा उसळीची वाटी पुढं करून विचारायची, "बाई, झोप लागली का?" नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरायचं, की आम्ही एवढी कुत्री मळ्यात नेली आणि बाई झोपत नाही. म्हणून मी खोटं बोलायला लागले. लागली, चांगली लागली. मग नगरला पट्टा फुगायचा, आकडा वर जायचा आणि माझं खोटं उघडं पडायचं. भीक नको पण कुत्रा आवर, तशी माझी अवस्था झाली.

कमी होतं म्हणून वेशीच्या कमानीवर फ्लेक्स लागला. माझा फोटो, अंगणवाडीच्या साडीतला. खाली मोठ्या अक्षरात 'किडनीदाती माता' आणि त्याखाली सरपंचांसकट सगळ्या पंचांचे फोटो, हात जोडलेले. अजून किडनी माझ्याच पोटात होती. मी एसटीतून उतरले, मान वर केली आणि माझ्याकडं बघून हसणारी ती बाई मला इतकी परकी वाटली की वाटलं, हिलाच द्यायला सांगावी.

त्याच आठवड्यात निकिताला डायलिसिस चालू असताना दम लागला. ऑक्सिजन लावावा लागला. ती सावरली, पण एंजेला मॅडम म्हणाल्या की आता फार ताटकळायला नको. मला आणि मालकांना त्यांनी आत बोलावलं. पट्टा बांधला. मालक माझ्या बाजूला उभे राहून मला धीर देत होते, "काय टेन्शन घिऊ नको. आई हायेस तू. सगळं गाव तुज्या मागं हाय." मॅडमनी आकड्याकडं पाहिलं, मग मालकांकडं.

"सहादेवराव, तुम्ही बाहेर चहा घेऊन या," त्या म्हणाल्या.

"मी घेतलाय की."

"अजून एक घ्या."

ते गेले. मॅडमनी दार लावलं, माझ्या दंडाचा पट्टा सोडला आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"रतनबाई, एक विचारते. तुम्हाला किडनी द्यायची आहे का?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणी मला विचारला. मी तोंड उघडलं ते 'व्हय' म्हणायलाच. पण 'व्हय' काही बाहेर आलं नाही. रडू आलं, आणि असं आलं की मला माझीच लाज वाटली.

"मला भ्या वाटतं," मी म्हणाले. "मला निजवतील आन मी उठनारच न्हाई असं वाटतं. डोळा लागाय लागला की तेच दिसतं. मॅडम, पोरगी मरायला टेकलीय आन मी हितं माझ्या जिवाला भेतीय. कसली आई मी?"

त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, ते एक बरं केलं. मग म्हणाल्या, "नीट ऐका. ऑपरेशनला धोका थोडा असतो, पण असतो. तुम्ही निरोगी शरीर कापून घेणार आहात, भीती वाटणारच. आणि द्यायची नसेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. तुम्ही फक्त मला सांगा. मी घरच्यांना एवढंच सांगेन की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. कारण कुणाला सांगणार नाही. निकिताचं डायलिसिस चालू राहील, तिचं नाव यादीत आहे, वाट बघावी लागेल. पण तुमच्याकडं कुणी बोट दाखवणार नाही."

"कुनालाच कळनार न्हाई?"

"कुणालाच नाही. मालकांनाही नाही."

मग त्यांनी एक यंत्र दिलं. कमरेला डबी, दंडाला पट्टा. दिवसरात्र बांधून ठेवायचं, ते आपोआप फुगतं आणि आकडा टिपतं. दवाखान्यात भेदरून चढतं ते खरं की घरी असतं ते खरं, ते यातून कळतं म्हणे. "उद्या घेऊन या, निकितालाही आणा, अंगात पाणी साठलंय म्हणून उद्या पुन्हा डायलिसिस करू," त्या म्हणाल्या. "आणि मी म्हणाले त्याचा विचार करा."

एसटीत बसल्या बसल्याच माझा विचार झाला. नाही म्हणायचं. निकिता माझ्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती आणि मी मनात 'नाही' म्हणून टाकलं. उद्या मॅडमना सांगायचं, त्या सांगतील, मालक रडतील, गाव हळहळेल, 'बिचारीनं लई केलं' म्हणतील. हे ठरलं आणि छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

वाटेत सरपंच भेटले. मी त्यांना तिथंच गाठलं. "ती आवाजबंदी उठवा आन तो फ्लेक्स उतरवा," मी म्हणाले.

ते गोंधळले. "ताई, ग्रामसभेचा ठराव हाय. ग्रामसभेतच रद्द व्हतो. माज्या एकट्याच्या हातात न्हाई."

"मग हातात हाय तरी काय तुमच्या?"

"पुढच्या ग्रामसभेत आयत्या वेळच्या विषयात घिऊ," ते म्हणाले. माझ्या दंडाचा पट्टा त्याच वेळी घुर्र करून फुगला आणि सरपंच दोन पावलं मागं सरले.

त्या रात्री गाव तसंच गप्प होतं. मी अळणी भाकरी खाल्ली, अंथरुणावर पडले, आणि झोपले. पडले तशी झोपले. यंत्र फुगत होतं, उतरत होतं, मला पत्ता नाही. उजाडल्यावर मालक मला गदागदा हलवत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"उठ गं," ते म्हणत होते. "रातभर हलली न्हाईस. पट्टा फुगला तरी हलली न्हाईस. मला वाटलं..." ते रात्रभर माझ्या नाकाशी हात धरून बसले होते.

मी उठून चुलीपुढं बसले. अंग हलकं होतं, डोकं निवळ होतं आणि त्या हलकेपणाचीच मला शिसारी आली. ज्या दिवशी मी लेकीला नाही म्हणायचं ठरवलं, त्याच रात्री मला झोप लागली. काशाच्या वाटीनं नाही, जायफळानं नाही, सगळ्या गावानं तोंड बंद केलं तरी नाही. या एका गोष्टीनं लागली. आतल्या खोलीत निकिता खोकत होती.

नगरला मॅडमनी यंत्र कॉम्प्युटरला जोडलं. बराच वेळ बघत राहिल्या. "दिवसाचं ठीक आहे. रात्रीचं तर फारच छान उतरलंय," त्या म्हणाल्या. "या आकड्यांवर मी तुम्हाला पुण्याला पाठवू शकते. पण माझा शब्द तसाच आहे. तुम्ही सांगाल तसं."

म्हणजे बीपीच्या मागं लपायची सोय गेली होती. आता नाही म्हणायचं तर ते माझं मलाच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "मॅडम, जरा पोरीला बघून येते."

निकिता डायलिसिसच्या खाटेवर होती. नळ्यांतून तिचं रक्त मशिनीत जात होतं आणि परत येत होतं. मी तिच्याजवळ बसले. काही न सांगता परत फिरता आलं असतं. पण माझा स्वभाव असा की पोटात ठेवलं की ते नासतं. मी तिला सगळं सांगून टाकलं. भीतीचं सांगितलं, मॅडमनी काय सुचवलं ते सांगितलं, मी एसटीत काय ठरवलं आणि मग कशी झोपले तेही सांगितलं. सांगताना तिच्या तोंडाकडं बघितलं नाही, नळीकडं बघत राहिले.

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "आई, तुझं बीपी जास्त आलं ना, की मला बरं वाटायचं."

"का गं?"

"तुला तिथं काय झालं तर? तू मेलीस आन तुझी किडनी घिऊन मी जगले, तर त्या किडनीचं मी काय करू? घरी येऊन पप्पांना काय सांगू?" तिनं डोळे पुसले. "मी रोज रात्री म्हनायची, हिला झोप न येवो. तू उठून बसायचीस ते मला ऐकू यायचं. मी जागीच असायची."

आधी मला काही कळेना. मग राग आला. असा राग आला की नर्स वळून बघायला लागली. एका घरात, मधे एक भिंत, इकडं मी जागी, तिकडं ही जागी, दोघींच्या पोटात एकच भीती आणि दोघी गप्प. मी ओरडले, "आगं मग बोलायचं हुतंस की. तोंड शिवलं हुतं का तुझं?"

"तू तरी कुटं बोललीस?"

ते खरंच होतं. तिच्या मोकळ्या हाताचा पंजा मी धरला. गार पडला होता. ती माझ्या जिवासाठी स्वतःचा जीव सोडायला निघाली होती, आणि मी तिला कधी विचारलं नव्हतं, तुला भीती वाटते का. माझ्या पोटातली भीती होती तिथंच होती, तिळभर हललेली नव्हती. पण ती माझ्या एकटीची आहे म्हणून मी तिला इतके दिवस लपवत फिरत होते, ते आता संपलं होतं. आणि या पोरीला इथं अशी नळ्यांत सोडून मी घरी जाऊन गाढ झोपणार, हे काही मला जमणारं नव्हतं.

"मी देनार हाय," मी म्हणाले.

"आई, नको. खरंच नको."

"तुला कोन इचारतंय."

मी उठले. एंजेला मॅडमच्या दारावर टकटक केली. मालक बाहेर बाकावर होते, तेही माझ्यामागं आत आले. मॅडमनी त्यांना बाहेर काढायला हात उचलला, तर मीच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यांनाबी ऐकू द्या."

"काय ठरलं?" मॅडमनी विचारलं.

"देते. पुन्याला पाठवा."

"आणि भीती?"

मालकांनी दचकून माझ्याकडं बघितलं.

"हाय की," मी म्हणाले. "काल एकटीची हुती. आता पोरीचीबी हाय. ह्यांना आत्ता सांगते, म्हंजी तिघांची हुईल."

मालक माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. खुर्ची माझ्याकडं ओढून घेतली. मग हळूच म्हणाले, "सांग."

मी सांगायला सुरुवात केली.